व्हॅन जुनी आहे, बेवारस नाही

माझ्या आत्याला आमच्या इमारतीत सगळे पाठीमागे ‘तोफ’ म्हणतात. तोंडावर म्हणायची कोणाची छाती नाही. तिला ते ठाऊक आहे, आणि खरं सांगायचं तर आवडतंही.

आत्या व्हीलचेअर दुरुस्त करते. व्हीलचेअर, वॉकर, कुबड्या, दवाखान्यातले वरखाली होणारे पलंग, म्हणजे आजारी माणसाला धरून ठेवणारं जे जे काही असतं ते सगळं. तिला दुकान नाही. दुकान म्हणजे तिची हिरवी व्हॅन. आत एका बाजूला लोखंडी खण, त्यात ब्रेकच्या तारा, बेअरिंग, नटबोल्ट. छताला टांगलेली लहानमोठी रबरी चाकं. आणि मागे, खुर्ची ढकलत वर चढवायला एक जाड फळी. ज्यांना उठता येत नाही ते दुकानात कसे येणार, म्हणून दुकानच त्यांच्या दारात जातं. व्हॅन तिने घेतली तेव्हाच ती दोन मालक बघून आली होती. पहिला गिअर पडताना अजूनही कुरकुरते. आत्या तिला शिव्या देते, पण दुसऱ्या कोणी दिलेल्या चालत नाहीत.

मी त्याच इमारतीत आत्याच्या वरच्या मजल्यावर राहते आणि कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात काम करते. त्यामुळे पुढे जे घडलं त्यातलं बरंचसं मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि उरलेलं खालच्या मजल्यावरून ऐकलंय.

सुरुवात बॅटरीपासून झाली. एका सकाळी आत्याने किल्ली फिरवली तर व्हॅन साधी खोकलीसुद्धा नाही. बॉनेट उघडलं तर बॅटरीची जागा रिकामी. तारा इतक्या सफाईने कापलेल्या की जणू शिंप्याने दोरा तोडलाय. आत्याने दोनचार ठेवणीतल्या शिव्या दिल्या, नवी बॅटरी बसवली आणि कामाला गेली. आम्हाला वाटलं, झालं. एकदाच व्हायचं ते झालं.

महिन्याभराने काच फुटली.

मी कामाला निघाले होते. आत्या व्हॅनच्या बाजूला उभी होती, आणि गप्प होती. ते बघून मी धावतच गेले. बाजूची छोटी काच फोडून कोणीतरी आत हात घातला होता, सरकतं दार उघडलं होतं. काचेचा चुरा सीटवर साखरेसारखा पसरला होता. ड्रिल मशीन गेलं, पान्यांची पेटी गेली. आणि कंडक्टरसाहेबांची खुर्ची गेली.

कंडक्टरसाहेब म्हणजे पलीकडच्या गल्लीत तळमजल्यावर राहणारे म्हातारे गृहस्थ. सगळा जन्म बसमध्ये उभ्याने काढला आणि म्हातारपणी अर्धांगवायूने असे बसवले की उठता येईना. त्यांच्या घराचं दार इतकं अरुंद की बाजारातली एकही खुर्ची त्यातून जाईना. तेव्हा आत्याने एक जुनी खुर्ची मधून कापून, दोन बोटं कमी करून पुन्हा जोडली होती. त्यांच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, त्यांच्या जुन्या खाकी सदऱ्याचा खिसा उसवून खुर्चीच्या पाठीला शिवला होता, त्यांचा रुमाल आणि चष्मा ठेवायला. रोज संध्याकाळी त्या त्यांना ढकलत बसथांब्यापर्यंत न्यायच्या. तिथे बसून ते बसेस बघायचे आणि कोणती बस उशिरा आली यावर नवीन कंडक्टरांना नावं ठेवायचे. खुर्चीचं पुढचं चाक अडकायला लागलं म्हणून आत्याने एका रात्रीपुरती ती व्हॅनमध्ये ठेवली होती.

“मी सांगते त्यांना,” मी म्हटलं.

“तू कशाला? माझ्या भरवशावर दिली होती ना?” आत्या म्हणाली आणि तशीच पायी गेली. मी मागोमाग.

आत्याला वाटलं होतं, म्हातारा चिडेल, बोलेल. तो बोलला असता तर बरं झालं असतं. कंडक्टरसाहेब पलंगावर बसून होते. सगळं ऐकून घेतलं आणि तोंडाच्या एका बाजूने हसले. “जाऊ दे हो. मी घरातच तर असतो. कुठे पळायचंय मला?”

“जाऊ दे म्हणू नका!” आत्या एवढ्या जोरात ओरडली की वहिनींच्या हातातला पेला हिंदकळला. “आधी चोर नेणार, मग आपण जाऊ दे म्हणणार. मग त्याला कुलूप तरी कशाला तोडायला लावायचं? आपणच नेऊन देऊ ना घरपोच!”

बाहेर आल्यावर तिने डोळे पुसले, पण ते रडणं नव्हतं. तळपायाची आग मस्तकाला गेली की तिच्या डोळ्यांना पाणी येतं. लहानपणापासून तसंच आहे असं माझे वडील सांगतात.

तिथून आम्ही पोलीस चौकीत गेलो. टेबलामागच्या पोलिसाने आधी गाडीचं वय विचारलं. आत्याने सांगितलं. त्याने शेजारच्याकडे बघितलं, शेजारच्याने त्याच्याकडे, आणि दोघे हसले.

“बाई, एवढ्या जुन्या गाडीत कोण शिरणार? आणि तुम्ही तरी असल्या डब्यात सामान ठेवताच कशाला?”

“डबा?”

“म्हणजे… जुनी आहे ना.”

“व्हॅन जुनी आहे, बेवारस नाही,” आत्या म्हणाली. “मीही जुनीच आहे. उद्या मला कोणी उचलून नेलं तर माझं वय विचारून हसत बसणार का?”

त्याने तक्रार लिहून घेतली. वर ‘किरकोळ’ असा शब्द लिहिलेला आत्याने उलटा वाचला, आणि पुढचे दोन दिवस काकांना तो शब्द उठताबसता ऐकावा लागला. काका म्हणजे आत्याचे यजमान. छापखान्यात मुद्रितं तपासायचे, आता घरी असतात. त्यांना कमी ऐकू येतं. आत्याचा पारा चढला की ते कानातलं यंत्र काढून खिशात ठेवतात आणि मान मात्र हलवत राहतात. बत्तीस दातांत जीभ राहते तसे काका त्या घरात जपून राहतात, फक्त इथे दातही आत्याचे आणि जीभही आत्याचीच.

मग आत्याने मेकॅनिकला बोलावलं. तो तिची व्हॅन पहिल्यापासून बघतो आणि तिला ताई म्हणतो. त्याने दार हलवून बघितलं, खिशातून भलतीच एक झिजलेली किल्ली काढली, तीच आत्याच्या दाराला लावली आणि थोडी हलवून दार उघडून दाखवलं. आत्याचं तोंड उघडंच राहिलं.

“ही किल्ली कसली?”

“माझ्या मेव्हण्याच्या टेम्पोची. ताई, कुलूप झिजलं की त्याला कोणीही चालतं. लोक म्हणतात जुनी गाडी कोण चोरणार. मी म्हणतो, जुनीच चोरतात. नव्या गाडीला हात लावला की ती बोंब मारते, किल्ली ओळखीची नसेल तर चालूच होत नाही. जुनीला ना अलार्म, ना काही. आणि हिचे भाग आता कंपनीत बनत नाहीत, म्हणून जुन्या बाजारात लगेच उचलले जातात.”

“म्हणजे हिला मी सांभाळून वापरलं, हाच माझा गुन्हा?”

“मी असं कुठे म्हटलं?”

“तू नाही रे. सगळे म्हणतायत.”

पुढच्या सुट्टीच्या दिवशी दोघांनी मिळून व्हॅनची तटबंदी केली. दारांची कुलपं बदलली. मागच्या काचांना आतून लोखंडी जाळी लावली. बॉनेटला साखळी आणि टाळा. स्टिअरिंगला अडकवायला पिवळा जाड दांडा आणला, लांबूनही दिसेल असा; मेकॅनिक म्हणाला, चोराला घाई असते, दांडा दिसला की तो पुढची गाडी बघतो. काचांवर गाडीचा नंबर कोरून घेतला. आणि इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाकडे जाणाऱ्या तारेत एक छुपं बटण बसवलं. ते दाबल्याशिवाय इंजिन दोन श्वास घेतं आणि मरतं. ते बटण कुठे आहे ते मी इथे सांगणार नाही. काकांनासुद्धा माहीत नाही.

सर्वांत मोठा ताप म्हणजे रोज संध्याकाळी व्हॅन रिकामी करायची. खणांतलं सामान, चाकं, हत्यारं, दुरुस्तीला आलेल्या खुर्च्या, सगळं जिन्यावरून वर. काकांची बाहेरची खोली गोदाम झाली. ते वॉकरवर पंचा वाळत घालायला लागले. आत्याने मागच्या काचेवर मोठ्या अक्षरात पाटी लावली: ‘गाडी रिकामी आहे. काच फोडून हात कापून घेऊ नये.’ दुसरं वाक्य तिने स्वतः घातलं.

एवढं झालं तरी मूळ दुखणं राहिलंच. ते होतं जागेचं.

पूर्वी व्हॅन इमारतीच्या पुढे, फाटकाजवळच्या दिव्याखाली उभी असायची. वर्षभरापूर्वी कमिटीने फरशी नवी केली, रंग दिला आणि ठराव केला की पुढच्या रांगेत ‘सुस्थितीतील’ गाड्या राहतील. बाकीच्या मागे. मागे म्हणजे कचऱ्याच्या डब्यांपलीकडे, जिथे दिवा नाही आणि कुंपणाच्या भिंतीला माणूस आरामात आत येईल एवढं भगदाड आहे. दोन्ही चोऱ्या तिथेच झाल्या होत्या.

आत्या सेक्रेटरीकडे गेली. सेक्रेटरी विमा कंपनीतून निवृत्त झालेला, मृदू आवाजाचा माणूस. मृदू आवाजाची माणसं आत्याला जास्त चीड आणतात.

“ताई, तुमची अडचण मला समजते. पण ठराव झालाय ना.”

“मग भिंत तरी बुजवा.”

“त्यासाठी कोटेशन मागवावी लागतात. शिवाय सगळ्यांची मंजुरी. तुम्ही अर्ज द्या.”

“दिलेत. पहिला बॅटरीनंतर, दुसरा काचेनंतर. तिसरा कशानंतर देऊ, मी गेल्यानंतर?”

“असं टोकाचं बोलू नका. आणि, राग मानू नका, पण व्हॅन विकायचा विचार का नाही करत? आपल्या इमारतीच्या दर्शनी भागालाही…”

पुढचं वाक्य त्याला पूर्ण करता आलं नाही. आत्या काय बोलली ते सगळं लिहिण्यासारखं नाही. लिहिण्यासारखं एवढंच, की दर्शनी भागात त्यालाच उभा करावा आणि रोज पुसावा, असं तिने सुचवलं. तिच्या आवाजाने जिन्यातली दारं उघडली. एकजणही तिच्या बाजूने बोलला नाही. माझ्या समोरच राहणारी बाई, जिच्या आईचा वॉकर आत्याने दोनदा नीट करून दिला होता, ती दार लोटून आत गेली. मला चोरापेक्षा त्या दाराचा जास्त राग आला, अजूनही येतो.

पुढच्या आठवड्यात मेकॅनिकचा फोन आला. “ताई, जुन्या बाजारात लोखंडी पलंगांच्या ओळीत एक खुर्ची दिसली. अरुंद वाटते. बघून जा.”

मी दुकानातून अर्धा दिवस सुट्टी घेतली आणि आम्ही गेलो. जुना बाजार म्हणजे पत्र्याखाली मांडलेली लोकांची गेलेली सुखं. पंखे, सायकली, पाळणे, मोटारींचे दिवे. टोकाच्या दुकानात ती खुर्ची होती. वर नवं निळं रेक्झिन ठोकलं होतं, लोखंडाला काळा रंग फासला होता. पण पाठीमागे खाकी खिसा तसाच होता. बटणासकट. काढायचेही कष्ट घेतले नव्हते मेल्यांनी.

दुकानदार पुढे आला. “मजबूत माल आहे. पेशंट कोण आहे?”

आत्या सरळ आत शिरली. खुर्ची ओढली, दुकानाच्या बरोबर मधोमध आणली, दोन्ही ब्रेक लावले आणि तिच्यात बसली.

“कशी वाटते?” दुकानदाराने विचारलं.

“ओळखीची. ही चोरीची आहे. मी उठणार नाही. पोलीस बोलाव.”

“ओ बाई! उठा. अशा पन्नास खुर्च्या येतात इथे.”

“खाकी खिशाच्या? आण बाकीच्या एकोणपन्नास.”

मग त्याने आवाज चढवला. आपल्या प्रतिष्ठित दुकानाची बदनामी चाललीय, आपणच पोलिसांत जातो, वगैरे. चोराच्या उलट्या बोंबा. आत्या हाताची घडी घालून बसून राहिली. गिऱ्हाईकं थांबायला लागली, बघ्यांची गर्दी झाली. दुकानदाराच्या माणसाने खुर्ची मागून ढकलून बघितली, तर ती जागची हलेना. आत्याने लावलेले ब्रेक आत्यासारखेच असतात. त्याने तिच्या दंडाला हात घातला तेव्हा मात्र मी मध्ये पडले. मी आयुष्यात कधी कोणाला शिवी दिली नव्हती. त्या दिवशी दिली, आणि चांगली ठणठणीत बसली.

मी चौकीला फोन केला, आणि पुन्हा केला, पण कोणी आलं नाही. शेवटी आत्याने फोन माझ्या हातातून घेतला. “किरकोळ चोरीची खुर्ची सापडलीय. मी तिच्यात बसलेय. माझं ब्लडप्रेशर वाढतंय. मी इथे मेले तर तीही नोंद किरकोळमध्येच करा.”

पोलीस आला. तोच, टेबलामागचा. या वेळी हसला नाही, कारण निम्मा बाजार बघत होता. माझ्या फोनमध्ये वहिनी आणि कंडक्टरसाहेबांचा बसथांब्यावरचा फोटो होता, त्यात खुर्चीची पाठ अन् खिसा स्पष्ट दिसत होता. पोलिसाने फोटो बघितला, खिसा बघितला. दुकानदार लगेच विरघळला. कोणी आणून दिली? दोन माणसं. नावं? माहीत नाहीत. कशी दिसत होती? तशीच, माणसांसारखी. आत्याचं ड्रिल मशीन, पान्यांची पेटी? छे छे, बघितलीही नाही.

चार दिवस पंचनाम्याच्या निमित्ताने ती खुर्ची चौकीच्या आवारात उन्हात पडून होती. तेवढे चार दिवस आत्या रोज जाऊन तिच्यावर कापड घालून यायची, आणि आत डोकावून प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायची: “झालं का?” पाचव्या दिवशी त्यांनी हात टेकले.

खुर्ची परत दिली तेव्हा कंडक्टरसाहेबांनी बऱ्या हाताने तिचा ब्रेक लावून बघितला. वहिनींनी खिशात हात घालून बघितला. रिकामा होता. त्यांनी आतून धुतलेला रुमाल आणून घडी करून त्यात ठेवला, आणि मग दोघी बायका एकमेकींकडे न बघता कितीतरी वेळ नव्या रेक्झिनला नावं ठेवत बसल्या.

गोष्ट इथे संपली असती तर बरं होतं. पण पुढच्याच महिन्यात एका सकाळी व्हॅन जागेवरून सरकलेली दिसली. तिरकी, नाक कचऱ्याच्या डब्याला टेकलेलं. ड्रायव्हरचं दार उचकटलेलं, किल्लीचं भोक हत्याराने फोडलेलं. पिवळ्या दांड्यावर करवतीचे ओरखडे, पण दांडा शाबूत. इंजिन बहुधा दोन श्वास घेऊन मेलं असावं. मग त्यांनी ढकलून बघितलं, आणि वैतागून सोडून दिलं.

“ताई, वाचली की!” मेकॅनिकला आनंद झाला होता. “आपण जिंकलो!”

आत्या आत बघत होती. ड्रायव्हरची सीट मागे सरकवलेली होती. लांब पायांचा कोणीतरी तिच्या जागी बसला होता, तिच्या आरशात त्याने बघितलं होतं, आरसाही फिरवलेला होता. “जिंकलो कसले?” ती म्हणाली. “त्याचं काय गेलं? दार माझं मोडलं. सीट माझी विटाळली.” तिने सीट पुढे ओढली, इतक्या जोरात की तिचा अंगठा चिमटला. मग बादलीभर साबणाचं पाणी आणलं आणि ती सीट घासत बसली. मी मदतीला गेले तर मला हात लावू दिला नाही.

तेवढ्यात पुढच्या बाजूने आरडाओरडा ऐकू आला. सेक्रेटरीच्या नव्याकोऱ्या गाडीचे दोन्ही आरसे आणि पुढचे दिवे गेले होते. दिव्याखालून, दर्शनी भागातून. व्हॅनने दाद दिली नाही म्हणून ते जाता जाता तिकडे वळले असणार.

दुपारपर्यंत गवंडी हजर. संध्याकाळी भिंत बुजली. रात्रीचं जेवण व्हायच्या आत मागे दिवाही लागला. ना कोटेशन, ना मंजुरी.

दोन दिवसांनी जिन्यात कमिटीची बैठक झाली. कोणीतरी उठून सेक्रेटरीच्या तत्परतेबद्दल आभार मानायला लागलं. आत्या तिसऱ्या पायरीवर बसली होती. मला वाटलं आता तोफ डागणार. पण ती ओरडली नाही. हळू आवाजात बोलली, आणि म्हणूनच सगळ्यांना ऐकू गेलं.

“माझं गेलं तेव्हा ठराव, यांचं गेलं तेव्हा गवंडी. माझी चोरी किरकोळ, कारण माझी गाडी जुनी. तुमच्यापैकी सहा घरांतली माणसं मी दुरुस्त केलेल्या वस्तूंवर बसतात, उठतात. ती माणसंही जुनीच आहेत. त्यांनाही मागे कचऱ्याशेजारी ठेवा, दर्शनी भाग छान दिसेल.”

सेक्रेटरी चष्मा पुसत राहिला. मग माझ्यासमोरची ती बाई, दार लोटून घेणारी, खाली मान घालून म्हणाली, “जागा आळीपाळीने असाव्यात असं मला वाटतं.” आत्याने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. पण ठराव झाला. आता दर महिन्याला जागा बदलतात, आणि आमच्या आत्याचा महिना आला की व्हॅन दिव्याखाली, जाळी आणि पिवळ्या दांड्यासकट, ऐटीत उभी असते.

चोर सापडले नाहीत. जुन्या बाजारातलं ते दुकान आठवडाभर बंद होतं, मग दुसऱ्या पाटीने उघडलं, माणूस तोच. आत्या त्या रस्त्याने गेली की गाडी हळू करते आणि त्याच्याकडे रोखून बघते. तो आत जातो. एवढाच न्याय मिळालाय, आणि तो पुरेसा नाही असं ती येईल त्याला ऐकवते.

परवा मेकॅनिक क्लचची तार बदलायला आला होता. व्हॅनखाली आडवा पडूनच तो म्हणाला, “ताई, एक गिऱ्हाईक आहे. हिला चांगला भाव देतोय. आता विकून टाका, कशाला हा रोजचा ताप?”

“बाहेर ये,” आत्या म्हणाली.

तो बाहेर आला.

“नीघ इथून. पुन्हा तोंड दाखवू नकोस.”

तो बिचारा हात पुसत फाटकापर्यंत गेला. आत्याने व्हॅनखाली वाकून बघितलं, तार अर्धीच लागली होती.

“ए, चाललास कुठे?” ती ओरडली. “काम कोण तुझा मेव्हणा पुरं करणार?”